११.६ पट वाढ, पण कशाच्या तुलनेत?

केस गळू नयेत म्हणून घेतलेली गोळी बंद केली आणि शुक्राणूंची संख्या सरासरी ११.६ पटींनी वाढली. कॅनडातल्या टोरांटोच्या संशोधकांनी २०१३ साली ‘फर्टिलिटी अँड स्टेरिलिटी’ या जर्नलमध्ये छापलेल्या पेपरमधला हा आकडा. फिनास्टेराइड आणि पुरुषांची प्रजननक्षमता या विषयावर वाचायला लागलात की तो पुन्हा पुन्हा भेटतो. आकडा मोठा आहे, लक्षात राहतो आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा आणतो.

आज तो पेपर जरा उघडून बघू. तो चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. पण तो जे सांगतो आणि लोक त्यातून जे ऐकतात, त्यात बरंच अंतर आहे. पेट-नेटसाठी ‘कंट्रोल ग्रुप’ची व्याख्या पाठ करणं वेगळं आणि छापून आलेल्या पेपरमध्ये त्याची जागा रिकामी आहे हे ओळखणं वेगळं. दुसरी गोष्ट जमावी म्हणून हा लेख. सोबत आणखी तीन पेपर घेतलेत, कारण एकटा पेपर वाचून त्याचं मोल कळत नाही.

गोळी शरीरात काय करते

टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी, हे जास्त जोरकस हार्मोन तयार होतं. ते तयार करणारं एन्झाइम म्हणजे ५-अल्फा रिडक्टेज. या एन्झाइमचे मुख्य दोन प्रकार. फिनास्टेराइड प्रामुख्याने दुसरा प्रकार अडवतं, ड्युटास्टेराइड दोन्ही. डीएचटी कमी झालं की टाळूवरच्या केसांची मुळं आकसायची थांबतात आणि वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी लहान व्हायला लागते. म्हणून एकच औषध दोन ठिकाणी चालतं. अमेरिकेत फिनास्टेराइडला १९९२ साली प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमच्या डोसमध्ये मान्यता मिळाली आणि १९९७ साली टकलासाठी १ मिलिग्रॅममध्ये.

या औषधामागची कल्पना एका निरीक्षणातून पुढे आली. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत हे एन्झाइम जन्मापासूनच नीट काम करत नव्हतं. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली ‘सायन्स’मध्ये त्याबद्दल लिहिलं. अशा पुरुषांची प्रोस्टेट आयुष्यभर लहान राहते आणि त्यांना नेहमीसारखं टक्कल पडत नाही. आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचं हे की त्यांचं वीर्य प्रमाणाने खूप कमी आणि घट्ट असतं, पण काहींमध्ये शुक्राणू तयार होतात. अशा एका पुरुषाचे शुक्राणू थेट पत्नीच्या गर्भाशयात सोडून मूल झाल्याची नोंद १९९७ साली प्रसिद्ध झाली.

यातून एक अपेक्षा बांधता येते. डीएचटी कमी झालं तर वीर्याचं प्रमाण कमी व्हावं, कारण त्यातला द्रव प्रोस्टेट आणि आजूबाजूच्या ग्रंथींतून येतो. शुक्राणूंची निर्मिती मात्र वृषणात होते, तिला मुख्यतः टेस्टोस्टेरॉन लागतं, म्हणजे ती पूर्ण थांबू नये. पेपर वाचण्याआधी अशी अपेक्षा कागदावर लिहून ठेवायची सवय लावा. निकाल तिच्याशी जुळला नाही की आपोआप प्रश्न पडतात.

टोरांटोचा पेपर

वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या सुमारे ४,४०० पुरुषांच्या नोंदी संशोधकांनी चाळल्या. त्यात फिनास्टेराइड घेणारे २७ निघाले, म्हणजे ०.६ टक्के. त्यांचा सरासरी डोस दिवसाला १ मिलिग्रॅमच्या आसपास होता आणि औषध ते सरासरी ५७ महिने, म्हणजे पावणेपाच वर्षं घेत होते. औषध बंद करायला सांगून पुन्हा वीर्यतपासणी झाली. शुक्राणूंची संख्या सरासरी ११.६ पट वाढली. ज्यांची संख्या सुरुवातीला मिलिलिटरला ५० लाखांच्याही खाली होती, त्यांच्यापैकी ५७ टक्के पुरुष एक कोटीच्या वर गेले. हार्मोन्स, शुक्राणूंची हालचाल आणि आकार यांत फरक दिसला नाही.

आधी कौतुक. हा प्रश्न विचारणंच मोलाचं होतं. मूल होत नाही म्हटल्यावर आपल्याकडे तपासण्यांची रांग आधी बाईची लागते. पुरुषाचा नंबर लागलाच तर ‘बीपी, शुगर?’ एवढंच विचारलं जातं. केसांची गोळी त्याला स्वतःलाच औषध वाटत नाही, त्यामुळे तो ती सांगत नाही. टोरांटोच्या पेपरने निदान हा प्रश्न यादीत आणला.

आता त्या आकड्याकडे वळू.

पटींची सरासरी काढली की काय होतं

समजा तीन पुरुष आहेत (हे आकडे फक्त समजण्यासाठी, माझ्या मनाचे). पहिल्याची संख्या २ लाखांवरून ८० लाखांवर गेली, म्हणजे ४० पट. दुसऱ्याची २ कोटींवरून २ कोटी ४० लाखांवर, १.२ पट. तिसऱ्याची ३ कोटींवरून ३ कोटी ३० लाखांवर, १.१ पट. तिघांच्या पटींची सरासरी काढली तर १४.१ येते. ‘औषध बंद केल्यावर सरासरी १४ पट वाढ’ असं वाक्य छापता येईल आणि ते गणिताने बरोबरही असेल. पण तिघांपैकी दोघांमध्ये जेमतेम काही घडलंय. मध्यक घेतला तर उत्तर १.२ पट.

सुरुवातीचा आकडा शून्याच्या जवळ असला की पट फुगते. टोरांटोच्या गटात अगदी कमी संख्येचे पुरुष होतेच, वंध्यत्वाच्या दवाखान्यात ते असणारच. त्यामुळे ११.६ हा आकडा ‘प्रत्येकात साधारण एवढी वाढ’ असा वाचता येत नाही. अशा ठिकाणी मध्यक शोधा, आणि शक्य असेल तर प्रत्येक माणसाची ‘आधी-नंतर’ रेघ असलेला आलेख.

५७ टक्क्यांचंही तसंच. एकूण २७ जण, त्यातही संख्या फारच कमी असलेले थोडे. ७ पैकी ४ म्हणजे ५७ टक्के आणि १४ पैकी ८ म्हणजेही ५७ टक्के. गट सातचा असेल तर एक माणूस इकडचा तिकडे झाला की टक्केवारी १४ अंकांनी हलते. टक्केवारी दिसली की ती कितीतली आहे हे आधी बघायचं.

सरासरीकडे परतणं

याहून मोठी अडचण रचनेत आहे. पुरुषाची शुक्राणूसंख्या दर वेळी सारखी नसते. किती दिवसांचा संयम होता, दोन-तीन महिन्यांपूर्वी ताप आला होता का, नमुना पूर्ण गोळा झाला का, या सगळ्यावर ती वर-खाली होते. म्हणूनच एकाच तपासणीवर निदान करू नये असं शिकवतात. आता ज्यांचा पहिला आकडा फार कमी आला तेच पुरुष निवडून दुसऱ्यांदा तपासले, तर काहीही न करता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा दुसरा आकडा वाढलेला येईल. पहिल्या वेळी ते खालच्या टोकाला सापडले होते, एवढंच. यालाच सरासरीकडे परतणं म्हणतात.

शिवाय वंध्यत्वाचा दवाखाना गाठलेला माणूस फक्त एक गोळी बंद करून थांबत नाही. तो सिगारेट कमी करतो, दारू सोडतो, झोप सुधारतो. दुसऱ्या तपासणीतली वाढ नेमकी कशाची हे सांगायला तुलनेचा गट लागतो.

गंमत म्हणजे तुलनेचा गट त्याच कपाटात होता. ४,४०० पुरुषांपैकी फिनास्टेराइड न घेणारे कितीतरी जण असणार, ज्यांची वीर्यतपासणी दोनदा झाली. त्यांच्यातून पहिली संख्या आणि दोन तपासण्यांमधलं अंतर जुळणारे पुरुष निवडून, त्यांची वाढ किती झाली हे शेजारी ठेवलं असतं, तर ११.६ या आकड्यातला किती भाग औषधाचा आणि किती निव्वळ दुसऱ्यांदा तपासल्याचा, याचा अंदाज आला असता. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या कुणाला जुन्या नोंदी हाताळायची परवानगी मिळत असेल, तर हा अभ्यास आजही करण्यासारखा आहे. नवीन रुग्ण लागत नाहीत, प्रयोगशाळा लागत नाही.

मूळ पेपरचा निष्कर्ष तसा सावध आहे: काही पुरुषांमध्ये कमी डोसनेही संख्या घटू शकते, आणि संख्या कमी असलेल्यांनी मूल हवं असताना हे औषध थांबवावं. ‘काही पुरुषांमध्ये’ हे दोन शब्द पुढच्या प्रवासात गळून पडले.

‘परिणाम होत नाही’ म्हणणारा पेपर

समोरच्या बाजूला १९९९ साली ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’त आलेला ओव्हरस्ट्रीट आणि सहकाऱ्यांचा पेपर आहे. रचना उत्तम: १९ ते ४१ वयाचे १८१ पुरुष, चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी, एका गटाला १ मिलिग्रॅम फिनास्टेराइड, दुसऱ्याला प्लासिबो, ४८ आठवडे. वीर्याचे नमुने मात्र त्यातल्या ७९ जणांकडून सलग घेतले. शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार यांत दखल घ्यावा असा फरक नाही. वीर्याचं प्रमाण औषधाच्या गटात ११ टक्क्यांनी घटलं, प्लासिबोत ८ टक्क्यांनी.

इथे थांबा. प्लासिबोतही ८ टक्के घट. प्लासिबो गट नसता तर ‘औषधाने वीर्य ११ टक्के घटलं’ असा मथळा झाला असता. टोरांटोच्या पेपरला हेच मिळालं नाही.

पण या पेपरचं शीर्षकच म्हणतं की फिनास्टेराइडचा शुक्राणूनिर्मितीवर आणि वीर्यावर परिणाम होत नाही. आकडे तेवढं म्हणत नाहीत. वीर्याच्या प्रमाणातल्या फरकाची ९० टक्के विश्वासमर्यादा साधारण १० टक्के घट ते १३ टक्के वाढ एवढी रुंद आहे. म्हणजे खरं वाक्य असं: तरुण, निरोगी पुरुषांच्या गटात सरासरी फरक फार मोठा नसावा. आणि औषध बनवणाऱ्या कंपनीचे शास्त्रज्ञ लेखकांमध्ये आहेत, हेही नोंदवून ठेवायचं. तेवढ्यावरून पेपर फेकून द्यायचा नसतो, पण शीर्षक आणि तक्ता दोन्ही जास्त बारकाईने वाचायचे.

दोन पेपर एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं वाटतं, पण त्यांनी वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे प्रश्न विचारलेत. एकाने निरोगी पुरुषांची सरासरी पाहिली. दुसऱ्याने आधीच अडचणीत असलेल्यांमध्ये कुणाला फायदा होतो का ते पाहिलं. समजा औषधाने एकूण शुक्राणूसंख्या चौथ्या हिश्शाने घटते. ज्याची २० कोटी आहे तो १५ कोटींवर येईल, त्याला काही फरक पडणार नाही. ज्याची साडेचार कोटी आहे तो ३ कोटी ४० लाखांच्या आसपास येईल, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतल्या ३ कोटी ९० लाखांच्या खालच्या मर्यादेपलीकडे घसरेल. तीच घट, पण दोन घरांत अर्थ निराळा. (ती मर्यादा म्हणजे वंध्यत्वाची रेघ नाही. वर्षभरात ज्यांच्या जोडीदाराला गर्भ राहिला, अशा पुरुषांतले तळाचे ५ टक्के त्याही खाली असतात.)

पी-व्हॅल्यूचा सापळा आणि धुऊन निघायचा वेळ

तिसरा पेपर २००७ चा, अमोरी आणि सहकाऱ्यांचा. ९९ निरोगी पुरुष, तीन गट: ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम, फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम, प्लासिबो. एक वर्ष औषध, मग २४ आठवडे विनाऔषध. २६ व्या आठवड्याला एकूण शुक्राणूसंख्या ड्युटास्टेराइडच्या गटात २८.६ टक्के आणि फिनास्टेराइडच्या गटात ३४.३ टक्के घटलेली, दोन्ही लक्षणीय. ५२ व्या आठवड्याला घट २४.९ आणि १६.२ टक्के, आणि दोन्ही ‘लक्षणीय नाही’. हालचालीत थोडी घट होती, ती औषध थांबवल्यावरही दिसली. मोजक्या पुरुषांत मात्र संख्या फार खाली गेली होती. सरासरी शांत दिसत असताना आत अशी माणसं असू शकतात.

यावरून ‘सहा महिन्यांनी झालेला परिणाम वर्षभराने नाहीसा झाला’ असं बरेच जण लिहितात. ड्युटास्टेराइडचे आकडे बघा: २८.६ आणि २४.९. जवळजवळ तेवढेच. बदलली ती पी-व्हॅल्यू, जी दुसऱ्या वेळी ०.०७६ होती. एका वेळी लक्षणीय आणि दुसऱ्या वेळी नाही, एवढ्यावरून दोन वेळांमध्ये फरक पडला असं ठरत नाही. तसं म्हणायचं तर त्या फरकाचीच चाचणी करावी लागते. फिनास्टेराइडच्या गटात घट खरोखर अर्ध्यावर आली, तिथे सुधारणा झाल्याचं म्हणणं जास्त पटतं.

आता औषध थांबवल्यानंतरचे २४ आठवडे. फिनास्टेराइडच्या गटात घट ६.२ टक्क्यांवर आली, ड्युटास्टेराइडच्या गटात ती २३.३ वरच राहिली. मग ड्युटास्टेराइडचा परिणाम कायमचा का? घाई नको. फिनास्टेराइडचा अर्धायुकाल काही तासांचा आहे. ड्युटास्टेराइडचा, नियमित घेणाऱ्यांमध्ये, सुमारे ५ आठवडे. रक्तात अर्धं, मग त्याचं अर्धं, असं करत औषध जवळजवळ संपायला पाच अर्धायुकाल लागतात, म्हणजे २५ आठवडे. (म्हणूनच ड्युटास्टेराइड थांबवल्यावर ६ महिने रक्तदान करू नका असं सांगतात, फिनास्टेराइडनंतर १ महिना.) त्यावर एक शुक्राणू तयार व्हायला लागणारे अडीच-तीन महिने मिळवा. म्हणजे २४ व्या आठवड्याला घेतलेला नमुना, औषध शरीरात असतानाच घडायला लागलेल्या शुक्राणूंचा होता. ड्युटास्टेराइडचा परिणाम परत फिरतो की नाही, हे सांगायला हा कालावधी अपुरा पडतो. ‘परत फिरतो’ म्हणणाऱ्याला नाही, आणि ‘कायमचा’ म्हणणाऱ्यालाही नाही.

औषध थांबवून काही मोजायचं असेल तर आधी अर्धायुकाल बघा, मग मोजायच्या गोष्टीचं स्वतःचं चक्र, आणि मगच कॅलेंडरवर तारीख टाका.

प्रोस्टेटच्या दुसऱ्या गोळ्या

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारख्या अल्फा ब्लॉकर गोळ्याही देतात, आणि ड्युटास्टेराइडसोबत एकाच गोळीतही. या हार्मोनला हात लावत नाहीत, स्नायू सैल करतात. हेलस्ट्रॉम आणि सिक्का यांनी २००६ साली निरोगी पुरुषांवर केलेला अभ्यास छोटा आहे: ४८ जण, प्रत्येकाला आळीपाळीने टॅमसुलोसिन ०.८ मिलिग्रॅम, अल्फुझोसिन आणि प्लासिबो, प्रत्येकी पाच दिवस. टॅमसुलोसिनवर बहुतेकांचं वीर्य घटलं आणि सुमारे ३५ टक्के पुरुषांत ते बाहेर आलंच नाही. तोवर सर्वसाधारण समज असा होता की वीर्य उलटं मूत्राशयात जातं. संशोधकांनी नंतरच्या लघवीत शुक्राणू मोजले. ते प्लासिबोपेक्षा विशेष जास्त नव्हते. म्हणजे वीर्य उलटं जात नव्हतं, पुढे ढकललंच जात नव्हतं. एक साधी जादाची तपासणी करून त्यांनी दुसरं स्पष्टीकरण बाजूला काढलं. लहान अभ्यास चांगला कसा करावा याचा हा नमुना आहे.

मग लिहायचं काय

चारही पेपर वीर्याचे आकडे सांगतात. गर्भधारणा ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यात दोन माणसं असतात. हे धरून मी एवढंच लिहीन: बहुतेक निरोगी पुरुषांत १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडमुळे शुक्राणूंवर होणारा सरासरी परिणाम लहान आहे. काहींमध्ये, विशेषतः ज्यांची संख्या आधीच कमी आहे त्यांच्यात, तो मोठा असू शकतो, आणि औषध थांबवल्यावर पुष्कळांची संख्या सुधारते. नेमकी किती, हे तुलनेच्या गटाशिवाय सांगता येत नाही.

पुरावा अर्धवट असला तरी सल्ला मात्र पक्का देता येतो. मूल हवं आहे, तपासणीत संख्या कमी आली आहे, आणि केसांसाठी गोळी चालू आहे, तर डॉक्टरांशी बोलून ती थांबवावी, निदान तीन महिने थांबून पुन्हा तपासावं. केस थोडे गळतील. समोर ठेवलेल्या महागड्या उपचारांच्या मानाने ही किंमत फार नाही. प्रोस्टेटच्या त्रासासाठी घेणाऱ्याने मात्र आपल्या मनाने बंद करू नये, तिथे हिशेब वेगळा आहे.

आणि तुम्ही उद्या टीबीपासून मधुमेहापर्यंत कुठल्याही विषयावर काम करत असाल, ‘इतक्या पट सुधारणा’ असं वाक्य दिसलं की तीन गोष्टी शोधा: ही माणसं कशी निवडली, दुसऱ्यांदा तपासलेली पण उपचार न बदललेली माणसं कुठे आहेत, आणि मोजायच्या आधी पुरेसा वेळ दिला का. उत्तरं पेपरमध्ये नसतील, तर तिथेच तुमचा पुढचा अभ्यास आहे.